टाचदुखी: साडेपाच हजारांचे इन्सोल, एमसीआर चप्पल आणि जिन्याची पायरी, वापरानंतरचा अनुभव

कस्टम इन्सोलच्या, म्हणजे पायाच्या मापाने बनवून बुटात घालायच्या गादीच्या दुकानाशी गेल्या आठवड्यात शेवटचं बोलणं झालं, पैसे परत देणं तर सोडाच, सुटलेलं कव्हरसुद्धा फुकट बदलून देणार नाही म्हणाले, म्हणून आता सगळं एकदाचं लिहून काढतेय. टाचदुखी म्हणजे काय ते सांगत बसत नाही. ज्याला आहे त्याला सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला काय होतं ते चांगलंच माहितीये.

मी नाशिकला शाळेत शिकवते. दिवसभर वर्गात उभं, घरी आलं की ओट्यापाशी उभं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि उजवी टाच जी धरली ती सोडायलाच तयार नाही. ऑर्थोच्या डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या बाजूला, कमान जिथे सुरू होते तिथे अंगठ्याने दाबलं आणि मी ओरडलेच. प्लांटर फॅशिआयटिस. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून घरात सगळे घाबरले, पण डॉक्टर म्हणाले असं टोक काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एक्सरेत दिसतं, तुमचं दुखणं टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या जाड पट्ट्याचं आहे आणि बहुतेकांचं ते ऑपरेशनशिवाय बरं होतं, फक्त वेळ खातं, कधीकधी वर्षसुद्धा. इंजेक्शनचा पर्याय सांगितला आणि सोबत हेही सांगितलं की आराम बहुधा थोडेच आठवडे टिकतो, पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका थोडा का होईना असतो. मी नको म्हटलं.

आता इन्सोल. दुकानात काचेच्या मशिनवर उभं केलं, स्क्रीनवर पायाचं लाल-पिवळं-हिरवं चित्र आलं, टाचेपाशी लालभडक, आणि ते दाखवून सांगितलं की तुमच्या पायाच्या मापाचंच करावं लागेल, रेडिमेडने काही होणार नाही. साडेपाच हजार. दुखत असतं तेव्हा माणूस पैसे देतो. सुरुवातीचे काही आठवडे बरंही वाटलं, बुटात पाय टाकला की टाच जरा उचलल्यासारखी वाटायची, ते मी नाकारत नाही. पावसाळ्यात टाचेच्या कडेने वरचं कापड सुटायला लागलं, मग ते गोळा होऊन नेमकं दुखऱ्या जागेखाली यायचं. दुकानात फोटो पाठवले तर उत्तर आलं की वॉरंटी खालच्या कडक भागाची आहे, तो तुटला तर बघू, कव्हर म्हणजे वापराने झिजणारी वस्तू, नवीन बसवायचे आठशे पडतील. बिलावर यातलं काहीही लिहिलेलं नाही, नुसतं ‘६ महिने वॉरंटी’ लिहिलंय, आणि कव्हर सुटलं तेव्हा ते ६ महिने व्हायचे होते. फोन केला की साहेब नाहीत, मेसेज केला की निळ्या टिका येतात आणि पुढे काही नाही. शेवटी शाळेजवळच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांनी जुनं कापड खरवडून सोल्युशन लावून पुन्हा चिकटवून दिलं, ३० रुपये, आणि ते अजून टिकून आहे. म्हणजे साडेपाच हजारांच्या वस्तूला जो चिकटवण्याचा प्रॉब्लेम होता तो रस्त्यावरच्या माणसाने ३० रुपयांत सोडवला, मग तुम्ही आठशे कसले मागता? याचा राग मला दुखण्यापेक्षा जास्त आलाय.

पण कव्हरपेक्षा मोठी गोष्ट मला नंतर फिजिओ मॅडमनी विचारलेल्या एका प्रश्नाने कळली. त्यांनी विचारलं, दुखतं कधी? सकाळी उठल्यावर, चहा करताना, संध्याकाळी पोळ्या करताना. आणि इन्सोल तेव्हा कुठे असतं? चपलांच्या स्टँडवर, बुटात. आपण बूट दाराशी काढतो. घरातले सगळे तास अनवाणी, तेही टाइल्सवर, आणि नेमकी दुखायची वेळ तीच. त्यात आपल्याकडे बायका निम्मा वेळ चप्पल-सँडल घालतात, त्यात हे इन्सोल बसतच नाही. ज्या दुकानात गिऱ्हाईक दारात चप्पल काढून आत येतं त्या दुकानदाराला हे दिसत नाही का? एका शब्दाने विचारलं नाही की ताई, तुम्ही दिवसातून किती वेळ बूट घालता.

मॅडमनी अजून एक सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. मेलबर्नला याची व्यवस्थित चाचणी झालीय, २००६ मध्ये छापून आली, १३५ लोकांना वाटून तीन प्रकारचे इन्सोल दिले, मापाचे, रेडिमेड आणि तिसरा नुसत्या मऊ पातळ फोमचा खोटा. पहिल्या काही महिन्यांत पहिल्या दोघांनी थोडा फायदा दिसला, तोही मापाचा आणि रेडिमेड जवळपास सारखाच, आणि वर्षाने तिघांत काही खास फरक उरला नव्हता. म्हणजे सुरुवातीला आधार म्हणून इन्सोल घ्यायला हरकत नाही, पण मग हजाराच्या आतलं रेडिमेड घ्या की.

घरात घालायला मॅडमनी एमसीआर चप्पल सांगितली. हे मटेरियल म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं मऊ रबर, आणि त्याचा इतिहास वाचला तेव्हा मला त्या चपलेबद्दल वेगळाच आदर वाटला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर काम करत होते, त्या पेशंटच्या तळव्यांना संवेदना नसते, चालून चालून जखमा होतात आणि कळतही नाही, तर त्यांच्या पायावरचा दाब पसरावा म्हणून तिथे हे मऊ रबर चपलांत वापरायला लागले. आजही सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात पेशंटना एमसीआर चपला फुकट देतात. आपल्याला ती सर्जिकलच्या दुकानात ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून मिळते, मला साडेसातशेला मिळाली. घेताना एक बघा, एमसीआर लिहून कडक फोमचीही विकतात. टाचेच्या जागी अंगठा जोरात दाबायचा, आत गेला पाहिजे आणि सोडल्यावर खड्डा लगेच भरला पाहिजे. अंगठा आतच जात नसेल तर ठेवून द्या.

घरात चप्पल म्हटल्यावर आमच्या आई, म्हणजे सासूबाई, एकदम थांबल्या. “अगं, स्वयंपाकघरात चप्पल? देव आहेत तिथे.” त्यांचं बरोबर आहे त्यांच्या जागी, आमचं देवघर ओट्याच्या शेजारच्याच भिंतीला आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की आई, ही उंबऱ्याबाहेर कधीच जाणार नाही, रविवारी साबणाने धुवेन आणि पूजेच्या वेळी काढून ठेवेन. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी नैवेद्याचं पान घेऊन वळले तर त्यांनीच पाट पुढे सरकवला, म्हणाल्या यावर उभी राहून चप्पल काढ, वाकू नकोस. एवढ्यासाठी हा परिच्छेद लिहिलाय, कारण आपल्याकडे बऱ्याच बायका केवळ घरात चप्पल चालत नाही म्हणून टाचेचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात. घरात वेगळा जोड ठेवा, समजावून सांगा, ऐकतात.

चप्पल घातल्या दिवसापासून संध्याकाळच्या पोळ्या सुसह्य झाल्या. पण आता त्या चपलेचं वेल्क्रो. देवा, ते वेल्क्रो! घरात केस असतात, दोरे असतात, मुलीच्या लोकरीचं तूस असतं, सगळं त्या काट्याकाट्यांच्या पट्टीत जाऊन बसतं आणि दोन-तीन आठवड्यांत पट्टा धरेनासा होतो. पट्टा सैल झाला की टाच चपलेवरून मागे सरकते, मऊ जागा सोडून कडेवर येते, आणि चप्पल घालूनही काही उपयोग नाही. मी शनिवारी सेफ्टीपिन घेऊन बसते, पट्टी उलटी धरून एकेक ओळ उकरून केस काढते, मग जुन्या टूथब्रशने घासते, तेव्हा कुठे परत पकडते. कणकेचे हात लागले तर अजून वाईट, कणीक वाळून आत दगड होते. बनवणाऱ्यांनी सोलसाठी एवढं चांगलं मटेरियल वापरलं, तर पट्ट्याला साधं बक्कल लावायला काय हरकत होती? पंधरा-वीस रुपयांचा फरक पडत असेल. ज्यांच्यासाठी ही चप्पल आहे ते बहुतेक वयस्कर किंवा डायबेटिसवाले, त्यांनी वाकून वेल्क्रो उकरत बसायचं? या एका गोष्टीसाठी मी पाचातला एक तारा कापतेय आणि तो परत देणार नाही.

दुसरं, ओल्या फरशीवर ती सरकते. पावसाळी हवेत आमच्या टाइल्सना ओल येते, मी ओट्यापाशी एकदा चांगली घसरले, सिंकची कड हाताला लागली म्हणून वाचले. बाथरूममध्ये तर घालूच नका.

बाकी उपाय पटकन सांगते. आईंनी वीट गरम करून त्यावर रुईची पानं ठेवून शेक दिला, खूप छान वाटायचं, पण तास-दीड तास. रुईचा चीक हाताला लावून डोळ्यांकडे नेऊ नका, आणि डायबेटिसवाल्यांनी, पायाला कमी कळतं त्यांनी हा शेक घेऊच नये, भाजलेलं समजणार नाही. फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवणं शाळेतून आल्यावर बरं. रात्री पाय काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट मला उकाड्यात झोपूच देईना, बहिणीला दिला.

खरी कमाल केली ती फुकटच्या दोन गोष्टींनी. पहिली, पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यात तो पट्टा तारेसारखा ताणलेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे, १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. अमेरिकेत २००३ मध्ये पोटरीच्या नेहमीच्या स्ट्रेचिंगशी याची तुलना केली तेव्हा पहिल्या पावलाचं दुखणं याने जास्त कमी झालं होतं. माझंही तेच. पहिलं पाऊल टाकताना भिंत धरायची गरज आधी याने गेली.

दुसरी गोष्ट जिन्याची पायरी. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवायची, त्यावर बोटं येतील अशी, म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, टाच हवेत. मग एका पायावर टाच वर न्यायची ३ सेकंद, वर थांबायचं २ सेकंद, खाली यायचं ३ सेकंद, कठड्याला हात. सुरुवातीला १२ वेळा असे तीन सेट, रोज नाही, एक दिवसाआड. मग पाठीवर दप्तर घेऊन त्यात वजन वाढवत जायचं आणि आकडा कमी करायचा, १० वेळा चार सेट, नंतर ८ वेळा पाच सेट. डेन्मार्कमध्ये २०१४ साली याची स्ट्रेचिंगशी तुलना करून बघितली, तीन महिन्यांत पायरीवाले पुढे होते, वर्षाने दोघे सारखे झाले. म्हणजे लवकर सुटका होते एवढाच फायदा, पण लवकर सुटका हाच तर सगळा प्रश्न आहे ना. मी मुलीच्या दप्तरात तांदळाची पिशवी टाकून करते, सोसायटीतले येता-जाता बघतात, वरच्या मजल्यावरच्या काकूही आता डाव्या पायासाठी करायला लागल्यात.

पायरी चालू केल्यावर सुरुवातीला पोटरी इतकी भरून आली की मला हे सोडून द्यावंसं वाटत होतं, आणि टाचेला काही फरकही कळेना. तेव्हा मी मैत्रिणीला सांगितलं होतं की यात काही अर्थ नाही, चप्पलच काय ती खरी. आता माझं मत उलटं आहे. चप्पल दुखू देत नाही तेवढा वेळ, पण चप्पल न घालता उभं राहता यायला लागलं ते पायरीमुळे. गणपतीत गौरींचा स्वयंपाक मी स्टुलावर बसून केला होता, जावेने पुरण वाटून दिलं. दिवाळीत चकल्यांचा पूर्ण घाणा उभ्याने काढला, संध्याकाळी टाच जरा बोलली, सकाळी गप्प. अजून खूप चालणं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं जाणवतं. पायाला मुंग्या, बधिरपणा, सूज, रात्री झोपेत दुखणं किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी पाठही आखडत असेल तर यातलं काही करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा, ते दुखणं वेगळं असू शकतं.

चप्पल आता टाचेपाशी बसलीये, अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो, म्हणजे बदलायची वेळ झाली. साडेसातशेत एवढे महिने रोज चार-पाच तास, मला पैसे वसूल वाटतात. शालिमारजवळच्या एका सर्जिकल दुकानात बक्कलवाला जोड बघून ठेवलाय, नव्वद रुपये जास्त सांगतोय, ते मी आनंदाने देणार आहे. कुणाला बक्कलवाली, खाली खाचा असलेली आणि ओल्यात न सरकणारी एमसीआर कुठे दिसली तर दुकान आणि किंमत दोन्ही लिहा, आईंसाठीही एक जोड घ्यायचाय, सहा नंबर.