फाटकावरची बसची पाटी: नऊ महिने वापरल्यानंतर

पुढची बस कधी येणार हे दाखवणारी एक पाटी मी स्वतः बनवून आमच्या इमारतीच्या फाटकावर लावली आहे. आधी मुद्द्याचं सांगते. बस किती वाजता येणार हे पाटीवर असायलाच हवं, पण ही खबर नेमकी कधीची आहे हेही तितक्याच ठळक अक्षरांत हवं. पहिल्या दीड महिन्यात माझ्या पाटीवर ते नव्हतं आणि त्याचा भुर्दंड आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना पडला. ते पुढे येईलच.

आमची इमारत इंदूरला नवलख्याजवळ. फाटकापासून बसथांबा चालत ३ मिनिटांवर. मी कामाला रोज विजय नगरला जाते, इमारतीतले आणखी सात-आठ जण त्याच रस्त्याने जातात. २०१३ मध्ये आय-बस ही शहर बससेवा सुरू झाली तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी चौक या सुमारे ११.५ किलोमीटरच्या पट्ट्यात बसला तिची स्वतःची मार्गिका होती. अंतराला वेगाने भागलं की उत्तर बऱ्यापैकी जुळायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही मार्गिका काढायला मोकळीक दिली, तोडकाम सुरू झालं आणि बस रिक्षा-दुचाक्यांच्या गर्दीत आली. भंवरकुआँ ते नवलखा हे अंतर आता कधी ४ मिनिटांत कापलं जातं, तर कधी १३ मिनिटांत. मोबाइलवरचं एक अ‍ॅप बस भंवरकुआँला आहे म्हणून दाखवत असताना तीच बस माझ्या डोळ्यांसमोरून निघून जाताना मी तीनदा पाहिली. तिसऱ्या वेळी ठरवलं, आपण स्वतः काहीतरी करायचं.

बसचं थेट ठिकाण मिळावं म्हणून संबंधितांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग सोपी वाट धरली. राजीव गांधी चौकाकडून रोज सकाळी बसने येणारे आमच्या ओळखीचे पाच जण आहेत. त्यांच्या फोनवर ट्रॅकारचं अ‍ॅप टाकलं. ट्रॅकार ही वाहनांचा माग ठेवणारी मुक्त प्रणाली आहे. तिचा सर्व्हर आपल्या घरच्या यंत्रावरही चालतो. माझा रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या, छोट्याशा संगणकावर आहे. बसमध्ये चढलं की अ‍ॅप चालू करायचं, उतरलं की बंद. कोणी बंद करायला विसरलं तर? म्हणून बसच्या रस्त्याच्या, म्हणजे ए. बी. रोडच्या, पट्ट्याबाहेर गेलेला फोन माझा सर्व्हर विचारातच घेत नाही, आणि रात्री सगळ्या नोंदी पुसतो. थांब्यापासून थांब्यापर्यंत लागलेली मिनिटं तेवढी उरतात, नाव नाही. ही अट पाचही जणांना पहिल्याच दिवशी सांगितली होती, आणि असं काही करणाऱ्या प्रत्येकाने ती सांगावी असं मला मनापासून वाटतं. माणूस मदत म्हणून फोन देतो, आपल्यावर पाळत ठेवा म्हणून नाही.

वेळापत्रकासाठी जीटीएफएस वापरलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही परिवहन संस्था आणि गूगल यांनी मिळून सुरू केलेली ही मांडणी आता जगभर चालते, आणि ती म्हणजे साध्या मजकुराच्या काही फायली: थांबे, मार्ग, फेऱ्या, थांब्यांवरच्या वेळा. त्या हाताने लिहिता येतात. मी वही घेऊन तीन आठवडे थांब्यावर उभी राहिले आणि वेळा टिपल्या. तेव्हा लक्षात आलं की आमच्या मार्गावर ‘८:१२ची बस’ असं काही नसतंच, दर १०-१५ मिनिटांनी एक बस असते. जीटीएफएसमध्ये अशा सेवेसाठी वारंवारतेची वेगळी फाइल आहे. तीच भरावी. मी सुरुवातीला प्रत्येक फेरीला खोटी नेमकी वेळ दिली होती. त्यामुळे पाटी रोज बसला ‘उशीर’ झाल्याचं सांगायची, बस आपल्या चालीने बरोबर असली तरी. चालकांवर तो अन्याय होता.

अंदाज बांधायला वेग आणि अंतराचं गणित सोडून दिलं. गेल्या तीन आठवड्यांत याच अर्ध्या तासात भंवरकुआँहून नवलख्याला यायला किती मिनिटं लागली, त्या आकड्यांतला मधला घेते. सरासरी घेऊ नका. मिरवणुकीचा एक दिवस सगळं बिघडवतो. दिशेचा घोळ मात्र बरेच दिवस छळत होता. उलट्या बाजूने जाणारी बस रस्त्याच्या पलीकडे जेमतेम २० मीटरवर असते आणि जीपीएसची चूक सहज तेवढी असते. आता ओळीने दोन थांबे योग्य क्रमाने मागे पडल्याशिवाय सर्व्हर त्या फोनवर विश्वास ठेवत नाही.

आता पाटीची निवड. दुकानांच्या दारावर सरकत्या लाल अक्षरांचे एलईडी फलक असतात, ते पी१० पॅनेल मी आधी आणलं. एका पॅनेलची उंची १६ ठिपक्यांची. इंग्रजीला ती पुरते, देवनागरीला नाही: वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मधल्या अक्षराला जागाच उरत नाही. मग एक जुना टॅबलेट लावून पाहिला. उन्हात काही दिसेना, आणि मे महिन्यात त्याची बॅटरी फुगली. शेवटी ई-पेपर, म्हणजे कागदासारखा दिसणारा, स्वतः न उजळणारा पडदा घेतला. त्यातही लाल रंगाचा तिरंगी पॅनेल घेऊ नका. चित्र बदलायला तो १५ सेकंदांहून जास्त वेळ लुकलुकत राहतो. काळा-पांढरा काही सेकंदांत बदलतो, उन्हात छापील कागदासारखा वाचता येतो आणि डोळ्यांना त्रास देत नाही. रात्री वर दिवा लागतो, एवढंच.

पॅनेलला ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली छोटी चिप जोडली आणि ‘विजय नगर’ लिहायला सांगितलं. पाटीवर उमटलं ‘वजिय नगर’. रखवालदाराने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “दीदी, ये कौन सी नई जगह है?” कारण असं की या छोट्या चिपवरच्या बहुतेक फॉन्ट-लायब्ऱ्या अक्षरं मिळतील त्या क्रमाने एकापुढे एक ठेवतात. वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची असते, जोडाक्षर जुळवायचं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. दोन रविवार त्यात गेले. शेवटी अक्षरं काढायचं काम चिपकडून काढूनच घेतलं. सर्व्हरवर पायथनची पिलो ही चित्रं बनवणारी लायब्ररी आहे. तिला राक्म ही जोड-लायब्ररी दिली की अक्षरजुळणी हार्फबझ हा प्रोग्रॅम करतो आणि देवनागरी शुद्ध उमटते. तयार चित्र चिपकडे जातं: ८०० गुणिले ४८० ठिपके, दर ठिपक्याला एक बिट, म्हणजे बरोबर ४८,००० बाइट. चिपने ते फक्त पॅनेलवर चढवायचं. मराठी किंवा हिंदी पाटी करणाऱ्याने सरळ इथूनच सुरुवात करावी.

आणि आता काकांची गोष्ट. ई-पेपरची ख्याती अशी की वीज नसली तरी चित्र टिकतं. मला तो गुण वाटला होता. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती: चित्र मिळालं नाही तर काही करू नको, मिनिटभर झोप, पुन्हा विचार. एका सकाळी ७:५०ला घरचं राउटर बंद पडलं. फाटकाची वीज वेगळ्या मीटरवर, त्यामुळे पाटीचा दिवा सुरूच. पाटीवर ‘६ मिनिटं’ होती आणि ‘६ मिनिटं’च राहिली. काका खुर्चीवर बसले. मध्येच वर पाहिलं, सहाच मिनिटं. बस सिग्नलला अडकली असेल, असं त्यांना वाटलं. मुलगी बनवते आहे म्हणजे बरोबरच असणार, या भरवशावर ते चाळीस मिनिटं बसून राहिले. डोळ्यांच्या तपासणीचा नंबर गेला, पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. संध्याकाळी जिन्यात भेटले तर म्हणाले, “बाळ, पाटी बिघडलीय वाटतं, बघून घे.” एवढंच. त्या रात्री मी ती ओळ काढली.

तेव्हापासून पाटीवर ‘किती मिनिटं’ नाही, घड्याळाची वेळ असते, कारण गोठलेली वेळ निदान चुकीची आहे हे मनगटावर पाहून कळतं. खाली कायम ‘शेवटची खबर ८:०४’ अशी ओळ. खबर ३ मिनिटांहून जुनी झाली की ठळक आकडे पोकळ होतात. १० मिनिटं संपर्क तुटला की चिप स्वतःच सगळं पुसून ‘संपर्क नाही, थांब्यावर जा’ एवढंच लिहिते. फाटकाची वीज गेली तरी पुसायला जोर हवा, म्हणून १८६५० या मापाचा चार्ज होणारा एक सेल मागे बसवला आहे. पाचांपैकी कोणीच बसमध्ये नसेल तर पाटी ‘साधारण १०-१५ मिनिटांनी एक’ असं सांगते, वेळ दाखवत नाही. मुंबईहून मामा अवंतिका एक्सप्रेसने येतात तेव्हा रेल्वेचं अ‍ॅपही मी आता याच नजरेने पाहते: गाडी कुठे आहे याच्या आधी, ते कधी कळलेलं आहे.

खर्च वाया गेलेल्या पॅनेलसकट सात हजारांच्या आसपास. वीज नगण्य. दर मिनिटाला पाटीचा बदललेला भागच रंगवते आणि तासाला एकदा पूर्ण, नाहीतर जुन्या आकड्यांची सावली मागे राहते.

उणिवा आहेत. संध्याकाळी परतीची बस पाटीवर नाही, कारण त्या वेळी चढणारे एकत्र सापडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी पाटी जवळजवळ मुकीच. सगळ्यात मोठी अडचण फोनच्या बॅटरी-बचतीची: खिशात ठेवलेल्या फोनवर ट्रॅकार दहा मिनिटांत झोपवलं जातं, आणि ते टाळायची जागा प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळी. पाचांपैकी तीन फोन मी समोर बसून दुरुस्त केले. चौथे गृहस्थ रविवारी पोहे खायला येणार आहेत, तेव्हा त्यांचा करेन. पाचव्या ताईंचा फोन इतका जुना आहे की त्यात ती सोयच सापडली नाही. त्या रोज बसमध्ये चढल्यावर फोन हातात धरून, पडदा चालू ठेवून बसतात.