चार वर्षे वापरलेला आरओ: यंत्राला पसंती, सेवेला नाही

2021 च्या दिवाळीत वाघोलीतील या घरात राहायला आलो, तेव्हा आठच दिवसांत स्टीलच्या पिंपावर पांढरा थर धरला आणि तूरडाळ पाच शिट्ट्या देऊनही मऊ होईना. पाणी टँकरचे आणि बोअरचे, म्हणजे जड, हे कळायला तज्ज्ञाची गरज नव्हती. त्याच महिन्यात साडेपंधरा हजार रुपयांना आठ लिटर टाकीचे आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारे, यंत्र घेतले. ते चार वर्षे रोज वापरल्यानंतर यंत्राविषयी, आणि त्याहून अधिक त्याच्या सेवेविषयी, लिहिण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे.

यंत्राविरुद्ध माझी फारशी तक्रार नाही. आमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, 600 ते 700 मिलिग्रॅम भरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा 500 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच 2000 पर्यंत सूट आहे. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठच्या आसपास येते, ते काहीसे सपक लागते, म्हणून मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेले थोडे पाणी त्यात मिसळणारा कंट्रोलर किंचित उघडा ठेवावा लागतो. एक लिटर पाणी मिळवताना जवळपास तीन लिटर वाया जाते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. ते पाणी आम्ही बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. कुंड्यांना मात्र घालत नाही, कारण त्यातले क्षार मातीत साठत जातात.

नात्यातले कोणी 'कोणता आरओ घेऊ?' असे विचारू लागले की मी आधी पाणी मोजायला सांगतो. दोन-तीनशे रुपयांचा टीडीएसचा पेन त्यासाठी पुरतो. (हा पेन जंतूंबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे कमी आकडा म्हणजे शुद्ध पाणी असे समजू नये.) कोथरूडला राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे महापालिकेचे धरणाचे पाणी येते, तिथे पेनने 90 दाखवले. तरीही घरी आलेल्या विक्रेत्याने तिला आरओच हवा असे पटवत आणले होते आणि त्यासाठी नेहमीचा प्रयोग मांडला होता: एका पेल्यात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे, दोन्हींत विजेच्या कांड्या. मिनिटभरात नळाचे पाणी गढूळ, तपकिरी झाले आणि बहीण घाबरली. वास्तविक तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, तिने कांडीचे लोखंड झिजते आणि तेच गंजासारखे वर येते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसल्याने तिथे काही घडत नाही. मी डब्यातले चिमूटभर मीठ त्या 'शुद्ध' पेल्यात टाकून कांड्या पुन्हा लावायला सांगितल्या, तेव्हा तेही पाणी तसेच तपकिरी झाले. विक्रेत्याने मग चहासुद्धा घेतला नाही. जिथे टीडीएस 500 पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते. बहिणीने शेवटी गाळणी, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) एवढेच असलेले यंत्र घेतले आणि पैसे वाचवले.

आता सेवेकडे वळतो. पहिले वर्ष वॉरंटीचे होते, पण तिच्यात कँडल आणि फिल्टर धरलेले नाहीत, हे बारीक अक्षरात छापलेले मी खरेदीनंतर वाचले. पुढील तीन वर्षे दरसाल साडेचार हजारांचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, केला. म्हणजे यंत्राच्या किमतीला जवळपास पोहोचणारे साडेतेरा हजार रुपये निव्वळ देखभालीवर गेले. दुसऱ्या कराराच्या वर्षी आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडण्याआधीच "मेंब्रेन गेला" असा निकाल दिला, आणि मेंब्रेन आमच्या करारात बसत नव्हता. मी कंट्रोलर पूर्ण बंद करून त्याच्यासमोर मोजले: आत जाणारे पाणी 660, बाहेर येणारे 58. नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अडवणारा मेंब्रेन गेलेला कसा, या प्रश्नावर "मग राहू द्या, पुढच्या वेळी बघू" एवढेच उत्तर मिळाले. तो मेंब्रेन पुढे दीड वर्ष चालला.

मात्र खरा मनस्ताप गेल्या मे महिन्यात झाला. पंप बंद पडला, तक्रार नोंदवली, आणि तिसऱ्या दिवशी कोणीही फिरकले नसताना 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा संदेश आला. पुन्हा नोंदवली, तर दारात येण्याआधीच तंत्रज्ञाने फोनवरून ओटीपी मागितला. तो देताच तक्रार बंद झाली आणि तो आलाच नाही. ती चूक माझीच होती. नऊ दिवस वीस लिटरचे जार विकत आणून काढले. अखेर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बिलाचा, कराराचा आणि दोन्ही संदेशांचा तपशील देऊन तक्रार केली, तेव्हा चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस नवा पंप घेऊन हजर झाला आणि वर दिलगिरीही व्यक्त करून गेला. बिल आणि करारपत्र जपून ठेवले नसते तर हेल्पलाइनला सांगायला माझ्याजवळ काही उरले नसते.

यंदा करार पुढे चालू ठेवला नाही. चौकातल्या मेकॅनिककडून गाळणी आणि कार्बन बदलून घेतले, बाराशे रुपये झाले. जुने सुटे भाग तो आमच्याकडेच ठेवून जातो, आणि काम संपल्यावर स्वतःच पेन काढून आकडा दाखवतो.