रिटेलचा शेअर जोखताना: गेल्या वर्षाचा पी/ई की दहा वर्षांची सरासरी?

रिटेल कंपनीचा शेअर महाग आहे की स्वस्त, हे ठरवायला दोन मोजपट्ट्या आहेत. एक ॲपमध्ये आयतीच दिसते: आजचा भाव भागिले गेल्या चार तिमाह्यांचा प्रति शेअर नफा. हाच नेहमीचा पी/ई. दुसरी स्वतः बसून काढावी लागते. दहा वर्षांचा प्रति शेअर नफा घ्यायचा, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाई निर्देशांकाच्या आधारे आजच्या रुपयांत आणायचा, सरासरी काढायची आणि भावाला त्या सरासरीने भागायचं. हा शिलर पी/ई. रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये तो अमेरिकेच्या संपूर्ण बाजारासाठी वापरला. त्याच्या कितीतरी आधी, १९३४ मध्ये, ग्रॅहम आणि डॉड या गुंतवणुकीवर लिहिणाऱ्या जोडीने एकेका कंपनीचा नफासुद्धा बऱ्याच वर्षांच्या सरासरीवरच पाहावा असा आग्रह धरला होता. आपल्याकडे आयआयएम अहमदाबाद भारतीय बाजारासाठी असा आकडा काढते. एखाद्या शेअरसाठी मात्र सहसा आपली आपणच एक्सेल शीट करावी लागते.

मी दोन्ही वापरतो. बँका, आयटी वगैरेंसाठी माझा फारसा आग्रह नाही. रिटेलमध्ये मात्र मी हळूहळू दुसऱ्या पट्टीकडे झुकलो, आणि त्याचं कारण तसं एकच आहे.

आधी आकडे पाहू. उदाहरण डीमार्टचं घेतो, म्हणजे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचं, कारण हिशेब सोपा पडतो. २०१७ मध्ये शेअर बाजारात आला तेव्हापासून ना बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), ना स्प्लिट (एका शेअरचे तुकडे). शिवाय इश्यूच्या वेळच्या माहितीपत्रकात आधीच्या पाच वर्षांचे आकडे आहेत, त्यामुळे मागे जाता येतं. २०१५-१६ मध्ये प्रति शेअर नफा साधारण ५.७ रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४१.६. या दहा वर्षांची साधी सरासरी २२ रुपयांच्या आसपास येते. महागाई धरली की चित्र थोडं बदलतं. ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी २०१५-१६ मध्ये १२४.७ होती, २०२४-२५ मध्ये १९२.६. म्हणजे तेव्हाचा एक रुपया नफा आजच्या दीड रुपयाहून थोडा जास्तच. सगळी वर्षं अशी आजच्या रुपयांत आणली की सरासरी २६ च्या जरा खाली येते.

भाव ४,००० धरला, तर २०२४-२५ च्या नफ्यावर पी/ई ९६ आणि शिलर पी/ई १५५. पहिला आकडाही काही कमी नाही, पण शेअर आवडत असेल तर माणूस मनाची समजूत घालू शकतो. दुसऱ्यासमोर तसं करणं अवघड जातं.

आता ते कारण सांगतो. गेल्या वर्षाचा पी/ई कधी एकटा येत नाही, सोबत सबब घेऊन येतो. ‘गेलं वर्ष वाईट होतं, म्हणून पी/ई फुगलाय.’ ‘या वर्षी एकदाच मिळणारा लाभ आहे, म्हणून कमी दिसतोय.’ ‘नवरात्र यंदा सप्टेंबरमध्येच सुरू झालं, म्हणून पुढची तिमाही मार खाणार.’ यातली एकही सबब खोटी नसते, आणि तीच तर पंचाईत आहे. आकडा आपण आपल्या मनाने दुरुस्त करत जातो, आणि माझा अनुभव असा की ही दुरुस्ती नेहमी आपल्याला हव्या त्या दिशेनेच होते. शेअर घ्यायचा असेल तर गेलं वर्ष वाईट ठरतं, विकायचा असेल तर चांगलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये डीमार्टचा भाव ५,९०० च्या जवळ गेला होता. मागच्या चार तिमाह्यांवर पी/ई २७५ च्या वर. आमच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा चर्चा रंगली होती आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: कोविडमुळे दुकानं बंद होती, नफा दबला आहे, तो मूळपदावर आला की हा पी/ई आपोआप खाली येईल. ऐकायला अगदी रास्त. मी शीट उघडून २०२०-२१ च्या ओळीकडे पाहिलं. त्या कोविडच्या वर्षी प्रति शेअर नफा जवळपास १७ रुपये होता. त्याआधीच्या वर्षीच्या २०.७ पेक्षा कमी, हे खरं. पण महागाई धरून काढलेली दहा वर्षांची सरासरी ११ रुपयांच्याही खाली होती. म्हणजे ज्या वर्षाला सगळे ‘दबलेलं’ म्हणत होते, ते या कंपनीच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा कितीतरी चांगलं वर्ष होतं. शिलर पी/ई ५०० च्या वर निघत होता. दबलेल्या नफ्याचा मुद्दा तिथेच गळून पडला. भाव महाग आहे तो पुढच्या वाढीवरच्या विश्वासामुळे, कोविडमुळे नाही, एवढं स्वच्छ दिसलं. त्या वाढीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वेगळा प्रश्न. पण निदान प्रश्न तरी खरा होता. पुढे नफा खरोखरच दुपटीहून जास्त झाला आणि तरीही भाव खाली आला.

रिटेलमध्ये सबबींना जागा जास्त, कारण धंदाच पंचांगावर चालतो. बारा महिन्यांचा आकडा घेतला की सणांचा फरक मिटतो, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात दुकानं जास्त असलेल्या कंपनीसाठी गुढीपाडव्याच्या तारखा पाहा. २ एप्रिल २०२२ आणि २२ मार्च २०२३ हे दोन्ही पाडवे २०२२-२३ या एकाच आर्थिक वर्षात आले. २०२३-२४ मध्ये एकही नाही. २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन, ९ एप्रिल आणि ३० मार्च. किराण्याला याने फार फरक पडत नसेल, पण सोनं, टीव्ही-फ्रीज, कपडे विकणाऱ्यांसाठी ‘गेलं वर्ष’ हे मोजमाप म्हणून किती डळमळीत आहे, ते यावरून कळावं. दहा वर्षांत पाडवे साधारण दहाच पडतात.

एकदाच मिळणाऱ्या लाभाचं उदाहरण ट्रेंटचं, म्हणजे वेस्टसाइड आणि झुडिओ दुकानांच्या कंपनीचं. २०२३-२४ च्या शेवटच्या तिमाहीत दुकानांच्या भाडेकरारांचा हिशेब नव्याने मांडल्यामुळे नफ्यात ५०० कोटींहून जास्त रकमेची भर पडली. गल्ल्यात एक रुपया न येता. पुढचं वर्षभर ही रक्कम पी/ईच्या छेदात बसून राहिली. ज्याला ठाऊक होतं त्याने वजा केली, इतरांना शेअर होता त्यापेक्षा स्वस्त दिसला. दहा वर्षांच्या सरासरीतही ती येतेच, पण एक दशांश वजनाने.

सगळ्यात जास्त शिकवलं ते शॉपर्स स्टॉपच्या आकड्यांनी. २०२२-२३ मध्ये नफा ११६ कोटींच्या आसपास होता आणि पी/ई साठच्या घरात. दोन वर्षांनी नफा ११ कोटींवर आला. भाव मधल्या काळात खालीच आला होता, तरी पी/ई ५०० च्या आसपास. आणि २०१९-२० ते २०२१-२२ या तोट्याच्या तीन वर्षांत ॲपमध्ये पी/ईच्या जागी नुसती आडवी रेघ. शेअर पडलेला असताना, म्हणजे निर्णय घ्यायची वेळ असते नेमकी तेव्हाच, पट्टी गप्प बसते.

इथे दुसरी पट्टी काय सांगते? २०१५-१६ पासूनच्या दहा वर्षांची बेरीज शून्याच्या खाली जाते, म्हणजे शिलर पी/ईसुद्धा निघत नाही. पण माझ्या मते ही रेघ आणि ती रेघ यांत फरक आहे. एका तोट्याच्या वर्षाने फक्त ते वर्ष कळतं. दहा वर्षांच्या बेरजेने कळतं की मधली चांगली वर्षं धरूनही भागधारकाच्या वाट्याला निव्वळ काही उरलेलं नाही. यात कोविडचा मोठा वाटा आहे, आणि २०१९ पासून लागू झालेल्या भाडेकराराच्या नव्या हिशेबनियमाचाही. हा नियम, इंड एएस ११६, भाड्याऐवजी घसारा (मालमत्तेच्या झिजेचा खर्च) आणि व्याज दाखवतो आणि कराराच्या सुरुवातीच्या वर्षांत तोटा जरा जास्त दिसतो. मॉलमधल्या भाड्याच्या दुकानांना तो चांगलाच लागतो. डीमार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत, त्यामुळे तिथे परिणाम थोडा. दहा वर्षांची शीट करणाऱ्याने २०१९ च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे डोळे झाकून एका ओळीत मांडू नयेत, एवढं मात्र खरं.

सरासरीच्या बाकीच्या उणिवांपैकी सगळ्यात मोठी म्हणजे वाढ. मार्च २०१६ ला डीमार्टची ११० दुकानं होती, मार्च २०२५ ला ४१५. दहा वर्षांची सरासरी काढली तर २४० च्या आसपास येते. म्हणजे शिलर पी/ई काढताना आपण ४१५ दुकानांचा भाव २४० दुकानांच्या नफ्याने भागतो. महागाई निर्देशांक रुपयाची घसरण भरून काढतो, नवी दुकानं नाही. त्यामुळे वाढणाऱ्या कंपनीत हा आकडा १५ किंवा २० यायची वाट पाहत बसू नये. तो येणार नाही.

यावर मी एक आधार घेतो. दहा वर्षांचं सरासरी निव्वळ मार्जिन, म्हणजे विक्रीतला किती टक्के भाग नफा म्हणून उरतो, ते काढायचं आणि ते आजच्या विक्रीला लावायचं. डीमार्टचं मार्जिन या काळात ३.७ ते ५.६ टक्क्यांच्या दरम्यान फिरलं, सरासरी पावणेपाचच्या जवळ. २०२४-२५ ची विक्री ५९,००० कोटींहून थोडी जास्त. तिच्यावर हे मार्जिन लावलं की नफा २,८०० कोटींच्या आसपास येतो. प्रत्यक्षात झाला २,७०७ कोटी. याचा अर्थ डीमार्टचं ते वर्ष जवळपास नेहमीसारखंच होतं, आणि तिथे ९६ हा साधा पी/ईसुद्धा बऱ्यापैकी प्रामाणिक होता. हे कबूल केलंच पाहिजे. फक्त तो प्रामाणिक आहे हे कळायलाही दहा वर्षांचे आकडेच काढावे लागले.

कराचा मुद्दा किरकोळ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कर जवळपास ३५ टक्क्यांवरून २५.१७ वर आला. त्याआधीच्या वर्षांचा नफा जुन्या करानंतरचा, म्हणून आजच्या मानाने कमी दिसतो. मी जुन्या चार वर्षांचा करपूर्व नफा घेऊन त्यावर आजचा दर लावून पाहिला. डीमार्टची सरासरी जेमतेम रुपयाने वाढली आणि शिलर पी/ई १५५ चा १५० झाला. निर्णय बदलावा असं त्यात काही नाही.

मेहनत मात्र लागते. बोनस आणि स्प्लिट झाले असतील तर जुने प्रति शेअर नफ्याचे आकडे जुळवून घ्यावे लागतात. ट्रेंटचं २०१६ मध्ये स्प्लिट झालं, व्ही-मार्टने २०२५ मध्ये एकास तीन बोनस दिला. जुन्या वार्षिक अहवालातला आकडा तसाच उचलला तर सगळी शीट चुकते. कन्सॉलिडेटेड, म्हणजे उपकंपन्यांसकटचे आकडे घेतले तर सगळी वर्षं कन्सॉलिडेटेडच घ्यायची. अर्थात आयत्या पी/ईतही हा घोळ असतोच. मी वापरायचो त्या दोन ॲपमध्ये एकाच शेअरचा, एकाच दिवसाचा पी/ई वेगळा दिसायचा, कारण एक स्टँडअलोन, म्हणजे फक्त मूळ कंपनीचा नफा धरत होतं आणि दुसरं कन्सॉलिडेटेड. खुद्द निफ्टीचा पी/ई एप्रिल २०२१ मध्ये स्टँडअलोनवरून कन्सॉलिडेटेडवर नेला, तेव्हा तो ४० च्या आसपासवरून एकदम ३३ वर आला होता. बाजार तोच, कंपन्या त्याच.

तर कोणी काय वापरावं? शेअर काही महिन्यांसाठी घ्यायचा असेल, किंवा तिमाही निकालांच्या पुढे-मागे व्यवहार करायची सवय असेल, तर दहा वर्षांची सरासरी तुमच्या फारशी कामाची नाही. बाजार त्या मुदतीत गेल्या आणि येत्या वर्षाकडेच पाहतो. पाच-सात वर्षं ठेवायचा असेल, आणि कंपनीने एक तरी मंदी पाहिली असेल, तर एक संध्याकाळ घालवून शीट करावी असं मी सुचवेन. पुढे वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आला की एक ओळ वाढवायची आणि सर्वात जुनी काढायची. तिमाही निकालांच्या दिवशी माझं आता त्या शीटमध्ये काहीच हलत नाही, आणि रिटेलचे शेअर शांतपणे धरून ठेवणं मला त्यामुळेच जमतं.

विशाल मेगा मार्टसारख्या, डिसेंबर २०२४ मध्येच बाजारात आलेल्या कंपन्यांसाठी दहा वर्षांचे तुलना करण्याजोगे आकडे जमवणं कठीण. तिथे सध्या साधा पी/ई आणि जितक्या वर्षांचे मिळतील तितक्या वर्षांचं सरासरी मार्जिन, यांवरच भागवावं लागेल. मी तिथे भाव आणखी थोडा उतरायची वाट पाहतोय.