फ्रूट निबलर: घ्यायचंच असेल तर सिलिकॉनचं, आणि तेही दिवसाला दहा मिनिटांपुरतं

उष्टावणाच्या आसपास आहेरात हमखास येणारी वस्तू. चोखणीसारखी पिशवी, तिला मूठ. फळ आत राहतं, बाळाच्या तोंडात जातो तो रस आणि थोडा गर. जाळीचं आणि सिलिकॉनचं, असे दोन प्रकार मिळतात.

जाळीचं घेऊ नका. केळं किंवा चिकू घातला की गर विणीत जाऊन बसतो, काळा पडतो आणि ब्रशनेही निघत नाही. ओलसर जाळीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. सिलिकॉनची पिशवी उलटी करून धुता येते, पाच मिनिटं उकळली तरी बिघडत नाही. भोकं मात्र बघून घ्या: फार बारीक असली की नुसतं पाणी येतं, बाळ वैतागून फेकून देतं. झाकण लावून पिशवी जोरात ओढा. सुटली तर वस्तू बाद. दात आले की पिशवीला चिरा जातात, म्हणून दर वेळी ती ताणून उजेडात धरायची. चीर दिसली की सरळ फेकायची, कारण सिलिकॉनचा तुटलेला तुकडाही घशात अडकू शकतो.

याच कारणाने ‘आत काहीही घातलं तरी चालतं’ हे खरं नाही. सफरचंद सोलून, मधला भाग काढून, फोडी आठ-दहा मिनिटं वाफवा. काटा सहज आरपार जायला हवा. कच्ची फोड कडक असते आणि पिशवी फाटली तर तीच घशात जाते. चिकूची बी गुळगुळीत आणि टोकाला अणकुचीदार, त्यामुळे गर बोटांनी चाचपल्याशिवाय भरू नका. सीताफळाचा गर चाळणीवर घासूनच घ्यावा. कलिंगडाच्या पांढऱ्या बियाही काढायच्या. मध किंवा साखर लावून देण्याचा मोह नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बॉट्युलिझमचा (स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो.

या वस्तूची खरी उणीव वेगळीच आहे. बाळ चोखतं, चावत नाही. घास जिभेने मागे नेणं, हिरड्यांनी चिरडणं, हे पिशवीतून शिकता येत नाही. हिरड्या शिवशिवत असताना गार फळ द्यायला निबलर झकास, पण जेवण म्हणून नाही. सहाव्या महिन्यापासून कुस्करलेलं फळ वाटी-चमच्याने द्या. आठव्याच्या सुमारास अंगठा आणि बोटात दाबल्यावर सहज चिरडेल असा मऊ तुकडा हातात. द्राक्ष अख्खं कधीच नाही, गोल असल्याने ते श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. बिया काढून उभे चार भाग करा.

निबलर असो वा चमचा, बाळ ताठ बसलेलं हवं आणि समोर मोठं माणूस. उबळ येऊन आवाज करत खोकत असेल तर घास बाहेर येऊ द्या, बोट घालू नका. आवाजच बंद झाला तर ते गुदमरणं: बाळाला पालथं, डोकं खाली करून हातावर धरा आणि पाठीवर पाच थापा मारा.

घेताना सुट्या पिशव्या मिळतात असंच निबलर निवडा, मूठ टिकते पण पिशवी नाही.