जीवनशाळा की नामांकित निवासी शाळा?

नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या भिल्ल-पावरा मुलांसमोर हे दोन रस्ते आहेत.

नर्मदा बचाओ आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांच्या साथीने चिमलखेडीत, मग निमगव्हाणला जीवनशाळा उभी केली. तिथे गुरुजी बहुधा पाड्यावरचेच. मूल पावरीत किंवा भिलोरीत बोललं तरी त्याला गप्प केलं जात नाही. मराठी हळूहळू येते, आणि जंगल, नदी, पिकं, गावाच्या गोष्टी हाही अभ्यासच. शिकवणाऱ्यालाच घरची भाषा येत असल्याने बिथरलेलं मूल मन मोकळं करतं. मोठा आधार हाच, आणि तो पैशाने विकत मिळत नाही.

नामांकित शाळांच्या योजनेत सरकार फी भरून आदिवासी मुलांना इंग्रजी माध्यमात घालतं. इंग्रजी, सोयी, पुढच्या संधी इथे जास्त, हे मान्यच. पण सहा-सात वर्षांचं पोर घरापासून लांब, अनोळखी भाषेत एकटं पडतं.

जीवनशाळा साधारण चौथीपर्यंतच, त्यामुळे पुढे बाहेर जावंच लागतं. तरी पहिली वर्षं मी पाड्याजवळच देईन. नामांकित शाळांनी निदान वसतिगृहात पावरी-भिलोरी बोलणारी ताई किंवा दादा नेमावा, आणि होळीला मुलांना घरी सोडावं.