लूपचा नियम बदलायचा, पण कोणाच्या वाटेनं?

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गर्दीच्या वेळी एकच पाटी ठेवा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, आधीचं पुसायचं आणि आतल्या माणसाला म्हणायचं, पाटी बघून प्लेटी पाठव. तो बघेपर्यंत पाटीवर शेवटचंच नाव!

लूप म्हणजे तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारा कोड, आणि व्हेरिएबल म्हणजे त्यातली पाटी. गो या प्रोग्रामिंग भाषेत पूर्वी लूपमधलं व्हेरिएबल असंच सगळ्या फेऱ्यांत मिळून एक होतं. 2020 साली वेबसाइटांना सुरक्षा सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची 30 लाखांवर सर्टिफिकेटं याच घोळात सापडली. इंदूरच्या आमच्या कंपनीत बिलिंगचे नियम लिहायला घरची छोटी भाषा आहे, तिचंही हेच दुखणं. लूपच्या आत प्रत काढणारी एक ओळ घालून 'चल जाएगा, भिया' म्हणत दिवस काढले. आता दुरुस्ती करायचीच, म्हणजे दर फेरीला नवं व्हेरिएबल द्यायचं, तर समोर तीन भाषांच्या तीन वाटा आहेत.

सी शार्पनं 2012 मध्ये फोरईचचा, म्हणजे यादीतल्या एकेका गोष्टीवर फिरणाऱ्या लूपचा, नियम थेट बदलला. एका फटक्यात काम झालं, पण साधा, मोजणीचा फॉर लूप जुनाच राहिला. दोन लूप, दोन नियम.

जावास्क्रिप्टनं 2015 मध्ये व्हेरिएबल बनवणारा जुना शब्द व्हार तसाच ठेवून शेजारी नव्या नियमाचा लेट आणला. कुणाचं वेबपान मोडलं नाही. पण व्हार काही जात नाही. नव्या पोरांना दोन्ही शिकवा.

गोनं फेब्रुवारी 2024 मध्ये, 1.22 आवृत्तीत, मोजणीचा आणि यादीवर फिरणारा असे दोन्ही तऱ्हेचे फॉर बदलले. पण मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या त्या गठ्ठ्याच्या, फाइलीत आवृत्ती म्हणून 1.22 किंवा पुढचा आकडा असेल तरच. दुसऱ्याच्या जुन्या लायब्ररीला धक्का नाही. टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, मोडली तर कोणत्या लूपमुळे, हे बायसेक्ट नावाचं टूल शोधून देतं. गंमत अशी, की मोडलेल्यांपैकी काही टेस्ट आधी खोट्याच पास होत होत्या: समांतर चालणाऱ्या साऱ्या टेस्ट शेवटचीच केस तपासत होत्या. खोड दोन ठिकाणी आहे. जुन्या मॉड्यूलमधला लूप नव्यात चिकटवला तर अर्थ बदलू शकतो. व्हेरिएबलचा पत्ता लूपबाहेर गेला तर दर फेरीला वेगळी मेमरी लागते.

तुमचा सगळा कोड एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे तुमच्या हातातल्या एकाच साठ्यात, असेल तर सी शार्पसारखं धडक बदला, फक्त दोन्ही लूप धरून. आमचे नियम मात्र सियागंजच्या व्यापाऱ्यांकडे, पीथमपूरच्या कारखान्यांत बसलेत. तिथे गोचीच वाट. अडचण एवढीच, की आमच्या फाइलींवर आवृत्ती लिहायची सोयच नाही. म्हणून पहिला प्रस्ताव आवृत्ती सांगणाऱ्या त्या एका ओळीचा जाणार, लूपचा त्यानंतर.