समाजशास्त्र आणि राष्ट्रीय सुरक्षा : साताऱ्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

सैन्यभरती आणि एनडीएच्या तयारीचे वर्ग साताऱ्यात पुष्कळ आहेत. परंतु जवान संकटात टिकून का राहतो किंवा एखादा तरुण दहशतवादी गटाकडे कसा ओढला जातो, हे सामाजिक शास्त्रांतील संशोधनाच्या आधारे मराठीतून समजावणारा वर्ग मला येथे प्रथमच आढळला. एका खासगी केंद्राने शनिवार-रविवारी घेतलेला हा वर्ग मी पूर्ण केला.

त्यातील सर्वांत मोलाचे सत्र एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांच्या १९४८ मधील अभ्यासावर होते. दुसऱ्या महायुद्धात पराभव समोर दिसत असतानाही जर्मन सैनिक लढत राहिले, त्यामागे राजकीय विचारसरणीपेक्षा आपल्या लहान तुकडीतील सोबत्यांवरचा विश्वास अधिक होता आणि ती तुकडी विस्कटली की प्रतिकारही ढासळत असे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारे अपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे संशोधन परके वाटत नाही. वर्गातील एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी पलटणीतील ‘बडी’ जोडीचा, म्हणजे एकमेकांची काळजी घेणाऱ्या दोन जवानांच्या जोडीचा, अनुभव सांगितला, तेव्हा शिक्षकांनी पाठ थांबवून त्यांना बोलू दिले, हे मला फार आवडले. एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मानसशास्त्रीय चाचण्यांवरील सत्र मात्र इतर वर्गांसारखेच होते.

संशोधनाच्या नैतिक मर्यादाही स्पष्टपणे मांडल्या गेल्या. अमेरिकी सैन्याने २००७ मध्ये अफगाणिस्तानात मानववंशशास्त्रज्ञांना तुकड्यांसोबत पाठवले, तेव्हा त्याच वर्षी अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने या उपक्रमाला विरोध केला, कारण बंदुकीच्या सावलीत विचारलेल्या प्रश्नाला माणूस मुक्त संमतीने उत्तर देऊ शकत नाही आणि त्याचे उत्तर त्याच्याच गावावर उलटू शकते.

म्हणूनच वर्गातील क्षेत्रकार्याची, म्हणजे गावात जाऊन लोकांना विचारायची, प्रश्नावली पाहून मला वाईट वाटले. ‘तुमच्या गावात बाहेरून आलेल्या लोकांपैकी कोण संशयास्पद वाटते?’ हा त्यातील प्रश्न शेजाऱ्यावर बोट ठेवायला लावतो, उत्तर आधीच गृहीत धरतो आणि माहितीचा उपयोग काय होणार हे कोठेही सांगत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात परजिल्ह्यांतून कुटुंबे येथे येतात. अशा प्रश्नाचा भार त्यांच्यावरच पडेल. मी आक्षेप नोंदवला, तेव्हा प्रश्न बदलण्याचे आश्वासन मिळाले. बदललेली प्रत मात्र मिळाली नाही.

अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पोलीस दलातील तरुणांनी हा वर्ग अवश्य करावा. नाव नोंदवण्यापूर्वी नवी प्रश्नावली मागून वाचावी, आणि जुनाच प्रश्न कायम असेल तर क्षेत्रकार्याला नकार द्यावा.